आणलं, पण कोणत्या अटीवर?

11 नोव्हेंबर 2005 रोजी गँगस्टर अबू सालेमला लिस्बनहून मुंबईत आणलं, तेव्हा 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा हिशेब आता पुरा होणार असं बहुतेकजण धरून चालले. त्याला आणण्यासाठी काय लिहून दिलं होतं, हे बऱ्याच उशिरा लोकांच्या ध्यानात आलं. पोर्तुगालमध्ये फाशीही नाही आणि जन्मठेपही नाही. म्हणून डिसेंबर 2002 मध्ये उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणींनी लेखी हमी दिली होती: फाशी होणार नाही, कैदही 25 वर्षांपलीकडे जाणार नाही. तेव्हा दोन देशांत प्रत्यार्पणाचा करारसुद्धा नव्हता. तो 2007 मध्ये झाला.

ज्या गुन्ह्यांसाठी आरोपी सोपवला, खटलाही त्याच गुन्ह्यांचा चालवायचा, हा प्रत्यार्पणाच्या व्यवहाराचा मुख्य दंडक. इथे जादा कलमं लावली म्हणून सालेम पोर्तुगालच्या न्यायालयात गेला, तिथे जिंकलाही, आणि आपल्याला काही आरोप मागे घ्यावे लागले. 2017 मध्ये टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयाने एकाच निकालात ताहिर मर्चंट व फिरोज खानला फाशी सुनावली, सालेमला जन्मठेप. हमीचं वजन तिथे उघड दिसलं.

ब्रिटनशी प्रत्यार्पणाचा करार 1992 चा, पण करार असला तरी काम आपोआप होत नाही. खुनाच्या कटाचा आरोप असलेल्या संगीतकार नदीमच्या बाबतीत तिथल्या न्यायालयाने पुरावा पाहून नकार दिला. कर्जबुडवेपणाचा आरोप असलेल्या उद्योगपती विजय मल्ल्याच्या वेळी न्यायाधीशांनी, त्याला जिथे ठेवणार होते त्या आर्थर रोड तुरुंगातल्या 12 नंबरच्या बराकीचा व्हिडिओच मागवला. खिडकीतून ऊन कितपत येतं, हे त्यांना पाहायचं होतं. आपल्याकडे यावर थट्टा झाली. मला तो प्रश्न रास्त वाटतो. त्या बराकीत ऊन येतं का, हे आपणच कधी विचारलं होतं? 2020 मध्ये मल्ल्याचं अपील फेटाळलं गेलं, तरी तो पुढची कित्येक वर्षं लंडनमध्येच राहिला.

अमेरिकेने 26/11 च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणाला एप्रिल 2025 मध्ये सोपवलं. त्याच हल्ल्यातला आरोपी डेव्हिड हेडलीने मात्र गुन्हा कबूल करताना स्वतःला भारताकडे द्यायचं नाही, हे पदरात पाडून घेतलं होतं. 2016 मध्ये तो मुंबईच्या न्यायालयाला दिसला, तो पडद्यावर.

सालेमच्या प्रकरणात 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पोर्तुगालला दिलेला शब्द सरकारला पाळावाच लागेल. 25 वर्षं भरली की सालेमच्या सुटकेची कार्यवाही करा. तेव्हा यापुढे एखादा मंत्री ‘फरार आरोपीला लवकरच आणू’ म्हणाला, तर टाळ्यांआधी एवढं विचारा: समोरच्या देशाला लिहून काय दिलंय?