स्वमग्नतेच्या आड लपलेली फिट

'मूल स्वमग्न आहे' असे डॉक्टरांनी एकदा सांगितले की घरात प्रत्येक गोष्टीला तेच कारण लावले जाते. रात्री झोपत नाही, स्वमग्न आहे म्हणून. मध्येच शून्यात बघतो, स्वमग्न आहे म्हणून. वस्त्यांमध्ये पालकांशी बोलताना आम्हाला हे सारखे ऐकू येते, आणि धोका नेमका इथेच आहे.

स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे. तो आईच्या वागण्याने होत नाही, लसीनेही होत नाही. पण अशा मुलांमध्ये अपस्मार, अतिचंचलता, बौद्धिक अक्षमता, झोपेच्या तक्रारी इतर मुलांपेक्षा जास्त आढळतात. एकाच मुलात दोन-तीन गोष्टी असणे नवलाचे नाही. डॉक्टरांची समजूतही उशिरा बदलली. अमेरिकेतील मनोविकारांच्या ज्या वर्गीकरणाचा आपल्याकडेही आधार घेतात, त्यात २०१३ पर्यंत स्वमग्नता आणि अतिचंचलता ही दोन्ही निदाने एका मुलाला देता येत नव्हती!

यातल्या अपस्माराकडे, म्हणजे फिट किंवा आकडीकडे, दुर्लक्ष झाले तर सर्वांत महाग पडते. ती लहानपणी सुरू होते, तशी वयात येतानाही पहिल्यांदा येऊ शकते. प्रत्येक वेळी मूल खाली पडून हातपाय झाडतेच असे नाही. काही सेकंद नजर थिजते, तोंड चावल्यासारखे हलते, हातातली वस्तू सुटते आणि मूल पुन्हा खेळू लागते. स्वमग्न मूल आपल्या तंद्रीतही असते, मग ओळखायचे कसे? खांद्याला हात लावा, गुदगुल्या करा, आवडते खेळणे समोर धरा. तंद्रीतले मूल बहुधा भानावर येते, फिट आलेले येत नाही. खात्री मात्र घरी होत नाही. मोबाइलवर व्हिडिओ घ्या, तारीख-वेळ लिहा आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. गरज वाटल्यास ते ईईजी काढायला सांगतील. आमचा अनुभव असा, की दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जास्त कामाला येतो.

दोन लक्षणांत वाट पाहू नये. वर्षाच्या आतले बाळ झोपेतून उठल्यावर एकामागून एक झटके देत मान पुढे टाकत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि बोलू लागलेले मूल बोलायचे थांबले, तरी लगेच तपासणी हवी.

फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवू नका, बाहेरची बाधा समजून भगताकडे तर मुळीच नेऊ नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. नियमित गोळ्यांनी बऱ्याच मुलांची फिट आटोक्यात येते. त्या मनाने बंद करू नयेत. या गोळ्यांनी स्वमग्नता जात नाही, त्यासाठी बोलण्या-वागण्याची थेरपी वेगळी लागते.

अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी करते आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. पथक आले की नुसते वजन-उंची करून मूल परत आणू नका, तो व्हिडिओ त्यांना दाखवा.