उबदार घराची अबोल राखणदार

डिसेंबर-जानेवारीत अमेरिकेच्या ईशान्येकडील मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत पारा शून्याखाली उतरतो. नोकरीनिमित्त तेथे स्थिरावलेल्या मुलांकडे आपल्याकडील अनेक निवृत्त आई-वडील या दिवसांत मुक्कामाला असतात. बाहेर हिमवर्षाव आणि आत साध्या सुती सदऱ्यावर वावरता येईल अशी ऊब! या सुखाचे प्रथम नवल वाटते, पुढे त्याची सवय होते. ही ऊब येते कोठून, हा प्रश्न मात्र बहुधा तळघरात पाणी ठिबकू लागल्यावरच पडतो.

त्या भागातील अनेक घरांच्या तळघरात तेलावर किंवा गॅसवर चालणारा बॉयलर असतो. त्यात तापलेले पाणी पंपाच्या साहाय्याने खोल्याखोल्यांतील रेडिएटरांत फिरते, उष्णता देते आणि पुन्हा तापण्यासाठी परत येते. ही व्यवस्था सर्व बाजूंनी बंद असते आणि नेमकी येथेच अडचण उद्भवते. पाणी तापले की प्रसरण पावते. 20 अंश सेल्सियसवरील 100 लिटर पाणी 80 अंशांपर्यंत तापले, तर सुमारे पावणेतीन लिटरने वाढते. पाणी दाबून लहान करता येत नाही. मग या वाढीव पाण्याने जावे कोठे?

हवेची उशी

याचे उत्तर म्हणजे प्रसरण टाकी. जुन्या घरांत ती बॉयलरच्या वर, तळघराच्या छताशी आडव्या टांगलेल्या पोलादी पिंपाच्या रूपात दिसते. तिच्यात खाली पाणी आणि वर कोंडलेली हवा असते. पाणी वाढले की हवा दबते. पाणी निवले की हवा पुन्हा पसरते. या हवेच्या उशीमुळे संपूर्ण व्यवस्थेतील दाब मर्यादेत राहतो. दुमजली घरात थंड स्थितीतील दाब साधारणतः 12 पाउंड प्रति चौरस इंच ठेवतात. तो 30 पाउंडांवर गेल्यास बॉयलरची सुरक्षा झडप आपोआप उघडून पाणी बाहेर सोडते.

टाकीतील हवा मात्र कायम टिकत नाही. ती हळूहळू पाण्यात विरघळते आणि पाण्याबरोबर रेडिएटरांपर्यंत निघून जाते. तिची जागा पाणी घेते. काही काळाने टाकी काठोकाठ भरते आणि नावापुरतीच उरते. मग बॉयलर पेटताच दाबमापकाचा काटा झपाट्याने चढतो आणि सुरक्षा झडप ठिबकू लागते.

मोह आणि धोका

अशा वेळी दुपारी घरी एकट्या असलेल्या ज्येष्ठांना वाटते, वॉशर झिजला असेल. तूर्त बूच ठोकून गळती थांबवावी. काटकसरीच्या संस्कारातून आलेला हा विचार अत्यंत घातक आहे. प्रेशर कुकरची सुरक्षा झडप बंद करण्यासारखेच ते आहे. बंद भांड्यातील पाणी 100 अंशांच्या वर तापत गेले आणि भांडे फुटले, तर त्या पाण्याचा काही भाग क्षणार्धात वाफ होतो आणि वाफेला पाण्याच्या सुमारे 1600 पट जागा लागते. मॅसॅच्युसेट्समधीलच ब्रॉक्टन येथे 20 मार्च 1905 रोजी पादत्राणांच्या कारखान्यातील वाफेच्या बॉयलरचा स्फोट होऊन 58 जणांचा बळी गेला होता. त्यानंतर त्या राज्याने बॉयलरविषयी कडक नियम केले. ठिबकणारी झडप ही तक्रार नसून इशारा असतो.

टाकी रिकामी करताना

हे काम जाणकार तंत्रज्ञाकडून करून घेणे श्रेयस्कर. मात्र त्याचा क्रम गृहस्थालाही ठाऊक असावा. प्रथम बॉयलरचा वीजपुरवठा बंद करून पाणी पूर्ण निवू द्यावे. मग बॉयलर व टाकी यांमधील झडप बंद करावी. टाकीच्या निचरा-तोटीला रबरी नळी जोडून पाणी सोडावे. पाणी बाहेर पडण्यासाठी आत हवा शिरणे आवश्यक असते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल थबकत येते, दुसरे पाडताच धार लागते. तसेच हे आहे. टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर तोटी बंद करून मधली झडप सावकाश उघडावी. दाब पूर्ववत 12 पाउंडांवर आला की टाकीत साधारण निम्मे पाणी आणि निम्मी हवा असते. मधली झडप उघडण्यास विसरून बॉयलर पेटवणे म्हणजे उशीच काढून घेणे होय.

नव्या घरांतील टाकीत रबरी पडदा असतो. तो हवा आणि पाणी वेगळे ठेवतो. ती अशी रिकामी करावयाची नसते. पाण्याच्या बाजूचा दाब शून्यावर आणून मोटारीच्या टायरला वापरतो त्याच मापकाने हवा तपासावी आणि उणी असल्यास पंपाने भरावी. हवेच्या झडपेतून पाणी आले तर पडदा फाटला असे समजून टाकी बदलावी.

आपल्या घरातील गिझरही याच नियमाने चालतो. पाणी तापताना त्याच्या सुरक्षा झडपेतून चार थेंब पडले तर ती झडप आपले काम करीत असते. सतत धार लागल्यास मात्र तंत्रज्ञास बोलवावे. दोन्ही स्थितींत तेथे बूच बसवू नये.

ताळेबंदातील राखीव निधी सुबत्तेच्या काळात निरुपयोगी पडून आहे असे वाटते. टाकीतील रिकामी जागाही तशीच भासते. दोन्ही नकळत झिजतात आणि त्यांचे मोल ताण आल्यावरच कळते. म्हणूनच थंडी सुरू होण्यापूर्वी, वर्षातून एकदा, त्या रिकाम्या जागेची मोजदाद करणे हाच खरा शहाणपणा!