माळ्यावरची कॅसेट आधी उतरवा

१९८२ साली ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर आला. भारतात नंतर त्याचा भाऊ आला, डीबी स्पेक्ट्रम प्लस. मेमरी ४८ किलोबाइट, पडदा म्हणजे घरचा टीव्ही आणि प्रोग्रॅम साठवायला गाण्यांची साधी कॅसेट. टेप लावला की आधी लांब शिट्टी, मग खरखर. आपल्यापैकी काहींच्या कानात ती अजून असेल!

ती खरखर म्हणजे काय? शून्यासाठी आखूड लहर, एकासाठी तिच्या दुप्पट लांब. बस्स. म्हणूनच आज टेप लॅपटॉपला जोडून आवाज रेकॉर्ड केला, की लहरी मोजून मूळ बाइट परत मिळवता येतात. शेवटी तपासणीचा एक बाइट असतो. तो जुळला नाही तर चूक आहे एवढं कळतं. नेमकी कुठे, ते नाही. मग हेड पुसायचं, पुन्हा वाचायचं, ताडून बघायचं.

शाळेत असताना आम्ही भावंडांनी लिहिलेला खेळ असाच तिसऱ्या प्रयत्नात उघडला. पडद्यावर आमची नावं आली, धाकट्याच्या स्पेलिंगच्या चुकीसकट.

बाजारातले खेळ इतरांनी जपलेत. घरी लिहिलेल्याची दुसरी प्रत कुठेच नसते, आणि टेपवरचा थर दरवर्षी झिजतोय.