दुधाच्या भांड्यांचे निर्जंतुकीकरण : आधी सफाई, मग रसायन

दूध हे जसे माणसाचे अन्न आहे, तसेच ते सूक्ष्म जंतूंचेही अन्न आहे. निरोगी जनावराच्या कासेतून निघालेल्या दुधात जंतूंची संख्या अल्प असते. ती वाढते ती मुख्यतः काढणाऱ्याचे हात, चरवी, गाळणे, कॅन आणि संकलन केंद्रावरील टाकी यांच्या संपर्काने. वरवर विसळलेल्या कॅनच्या सांध्यात दुधाचा अंश राहिला, तर उबदार हवेत जंतू साधारणपणे दर अर्ध्या तासाला दुप्पट होतात. या हिशेबाने रात्री नऊ वाजता असलेल्या एका जंतूचे पहाटे पाचपर्यंत पासष्ट हजारांहून अधिक जंतू होऊ शकतात. त्याच कॅनमध्ये सकाळचे ताजे दूध ओतले, तर ते शीतकरण केंद्रावर पोचेपर्यंत आंबू लागते. दूध नाकारले गेले, की उत्पादकाची त्या दिवसाची कमाई बुडते.

मद्याच्या पिंपापासून दुधाच्या कॅनपर्यंत

या प्रश्नाचा शास्त्रीय उलगडा प्रथम बिअर व वाइन यांच्या निर्मितीत झाला, हे अनेकांना ठाऊक नसेल. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८७६ साली बिअरवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. बिअर बिघडते ती तिच्यात शिरलेल्या परक्या जंतूंमुळे, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. तेव्हापासून पिंपे, नळ्या व टाक्या यांची शुद्धता हा त्या उद्योगाचा पाया ठरला. बिअरचे कारखाने आणि दुग्धशाळा आज बऱ्याच अंशी तीच रसायने वापरतात, कारण दोघांचे शत्रू सारखे आहेत. बिअरच्या टाकीत कॅल्शियम ऑक्झलेटचा कठीण थर बसतो, तर दुधाच्या भांड्यात मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट व प्रथिने यांचा. या दुसऱ्या थराला ‘दुग्धाश्म’ म्हणता येईल. अशा थराच्या आड जंतू सुरक्षित राहतात.

दोन वेगळ्या क्रिया

सफाई आणि निर्जंतुकीकरण या दोन भिन्न क्रिया आहेत. मळ काढणे ही पहिली. उरलेले जंतू मारणे ही दुसरी. हा क्रम उलटवता येत नाही. क्लोरीनसारखे जंतुनाशक दुधाच्या अंशाशी संयोग पावून तेथेच खर्ची पडते आणि जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून घाणेरड्या कॅनमध्ये जास्त औषध ओतणे हा उपाय नव्हे.

कॅन रिकामा होताच तो प्रथम साध्या किंवा कोमट पाण्याने विसळावा. सुरुवातीलाच कढत पाणी घातल्यास प्रथिने गोठून पत्र्याला चिकटतात. नंतर अल्कधर्मी पावडरच्या गरम द्रावणाने व ब्रशने घासावे. स्निग्धांश व प्रथिने अल्कलीने सुटतात; दुग्धाश्म मात्र आम्लानेच सुटतो. त्यासाठी आठवड्यातून एकदा फॉस्फोरिक आम्लाचे सौम्य द्रावण वापरावे. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना कॉस्टिक सोडा लावू नये. तो धातूच खातो. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन कॅन घडवंचीवर उपडा ठेवावा. झाकणाची रबरी कडी काढून वेगळी धुवावी.

रसायन आणि त्याचे माप

संकलन केंद्रासाठी सोडियम हायपोक्लोराइट हे स्वस्त व सोयीचे जंतुनाशक आहे. दहा लाख भागांत २०० भाग क्लोरीन हे त्याचे सर्वसाधारण प्रमाण होय. औषध ५ टक्के तीव्रतेचे असल्यास १० लिटर पाण्यात ४० मिलिलिटर, आणि १० टक्के तीव्रतेचे असल्यास २० मिलिलिटर पुरते. दूध भरण्यापूर्वी हे द्रावण भांड्याच्या सर्व भागांना दोन मिनिटे लागू द्यावे व पूर्ण निथळून टाकावे. ते रात्रभर भांड्यात ठेवल्यास स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात.

ग्रामपंचायतीत पाणी शुद्ध करण्यासाठी येणाऱ्या टीसीएल पावडरचा अनुभव येथे उपयोगी पडेल. ऊन, उष्णता व दमट हवा यांनी जशी तिची शक्ती घटते, तशीच हायपोक्लोराइटचीही घटते. म्हणून साठा थोडा, झाकलेला व सावलीत असावा.

मोठ्या कारखान्यांत पेरॲसेटिक आम्ल वापरतात. त्याचे शेवटी ॲसेटिक आम्ल, पाणी व प्राणवायू होतात. आयोडीनयुक्त जंतुनाशकाचा तपकिरी रंग उडाला, की त्याची शक्ती संपल्याचे समजते. चतुर्थक अमोनियम संयुगे पृष्ठभागावर चिकटून राहतात. त्यांचा अंश दह्याच्या विरजणाला मारक ठरतो आणि बिअरचा फेस बसवतो.

दोन धोके

हायपोक्लोराइट व आम्ल कधीही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि बंद खोलीत तो प्राणघातक ठरू शकतो. दोन्ही डबे वेगळ्या फळीवर, ठळक चिठ्ठी लावून ठेवावेत.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. जंतुनाशक भांड्यासाठी आहे, दुधासाठी नाही. दूध टिकावे म्हणून त्यात हायपोक्लोराइट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा फॉर्मॅलिन घालणे ही भेसळ असून, अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये तो गुन्हा ठरतो. ज्या बालकांसाठी दूध घेतले जाते, त्यांच्याच पोटात ते जाते.

परीक्षा आणि जबाबदारी

सफाई नीट झाली की नाही, हे मिथिलीन ब्ल्यू चाचणीवरून कळते. कच्च्या दुधात घातलेल्या या रंगाची निळाई ५ तास वा अधिक टिकली तर दूध अत्युत्तम, अर्ध्या तासातच गेली तर निकृष्ट. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांना ही चाचणी विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. पंचायत सदस्यांनी संकलन केंद्राला शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा आणि कॅन वाळवण्याची घडवंची मिळेल याकडे लक्ष द्यावे. माप दाखवणारा एक पेला व भिंतीवर लावलेला प्रमाणाचा तक्ता यांचा खर्च अगदी थोडा आहे. त्यामुळे वाचणारे दूध मात्र गावातील प्रत्येक उत्पादकाच्या पदरी पडेल.