सरकती दारं-खिडक्या : लेखांक ७
वळचणीखालची खिडकी आधी का अडते?

चाकं बदलायचं ठरलं होतं, ते आता पुढच्या शनिवारी. चिरनेरहून एका वाचक ताईंचा प्रश्न आलाय आणि तो इतका मुळावरचा आहे, की त्याला अख्खा लेखांक द्यायलाच हवा. त्या लिहितात, "पश्चिमेला आमच्या दोन सारख्याच ॲल्युमिनियमच्या खिडक्या आहेत. एकीवर पावसाची झड थेट येते. दुसरी पडवीच्या पत्र्याखाली, कायम कोरडी. मग पडवीतलीच का अडते? आणि तीही पावसात नाही, होळीच्या सुमाराला?"

ताई, ती कोरडी राहते म्हणूनच अडते.

लाकडी झडपा पावसाळ्यात फुगतात आणि दिवाळीनंतर मोकळ्या होतात. पिढ्यान्‌पिढ्या आपण हेच पाहिलंय, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या बाबतीतही दोष पावसावर जातो. प्रत्यक्षात इथे खोडी काढतं ते मीठ. अक्कादेवीच्या रानातल्या १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे चिरनेर म्हटलं की डोंगर डोळ्यांपुढे येतो, पण उरणची खाडी आणि मिठागरं तिथून लांब नाहीत. खारा वारा मिठाचे बारीक कण आणून खिडकीवर बसवतो. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून घेतं. समुद्राच्या मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते जेमतेम ३३ टक्क्यांनाच ओलं व्हायला लागतं. म्हणजे मार्चच्या दुपारी ट्रॅक हाताला कोरडा लागला, तरी त्यावरचा मिठाचा थर आतून दमटच असू शकतो.

ॲल्युमिनियमवर आपोआप एक पातळ संरक्षक थर तयार होतो. मिठातलं क्लोराइड नेमका तोच भेदतं. मग बारीक खड्डे पडतात आणि पांढरी भुकटी धरते. तिच्यात कंटेनरवाल्या ट्रेलरांनी उडवलेली धूळ कालवली गेली, की चाकाखाली खरखरीत लगदा होतो. उघड्यावरच्या खिडकीचं मीठ जूनपासून पाऊस धुऊन नेतो. पडवीतल्या खिडकीचं मीठ वर्षानुवर्षं तिथेच साठतं.

उपाय बिनखर्चाचा आहे. दिवाळी ते मृग या काळात पंधरवड्यातून एकदा ट्रॅक गोड्या पाण्याने धुवा. वळचणीखालचा तर बाराही महिने. आधी कोरड्या ब्रशने धूळ झाडा, नाहीतर तिचाच चिखल होईल. मग पाणी, लागलंच तर भांड्यांचा सौम्य साबण, आणि शेवटी कोरडं फडकं. बाथरूमचं ॲसिड आणि धुण्याचा सोडा, दोन्ही ॲल्युमिनियमला खातात, तेव्हा ते लांबच ठेवा. खोबरेल किंवा मशीनचं तेल धूळ धरून ठेवतं. सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा पुरतो.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या भोकांबद्दल. ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला, तळाशी, पाणी जाण्यासाठी खाचा ठेवलेल्या असतात. खिडकी गळते म्हणून कारागीर कधीकधी त्यातच सिलिकॉन भरून टाकतो. हे मी फार ठिकाणी पाहिलंय. त्याने बाहेर जाणारं पाणी ट्रॅकमध्येच तुंबतं आणि भरलं की घरात उतरतं! कोकणात आणखी एक पाहुणी असते, कुंभारीण माशी. ती ओल्या मातीचं इवलंसं घर नेमकं या खाचेत बांधते आणि सुकल्यावर ते सिमेंटसारखं टणक होतं. पाण्याने भिजवा, खराट्याच्या हिराने हळूच टोकरा. खिळा घालू नका, वरचा लेप खरवडला की मिठाला वाट मिळते. मग ट्रॅकमध्ये पेलाभर पाणी ओता. ते रेंगाळलं, तर अजून कुठेतरी तुंबलंय.

ताई, आणखी एक काम. पडवीतल्या खिडकीच्या स्क्रूंना चुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर स्क्रू लोखंडी आहेत. खाऱ्या ओलीत लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून राहिले की स्क्रूच्या भोवतीचं ॲल्युमिनियम झिजतं. ते बदलून ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या आणि खाली नायलॉनचा वॉशर टाका. चाकांसाठी पल्ला उतरवावाच लागेल, तेव्हा दोन्ही कामं पुढच्या शनिवारी एकदमच करू.