आधी गट, मग बेरीज

ऑब्जेक्टच्या अ‍ॅरेतून जिल्हावार विक्रीची बेरीज काढायला जावास्क्रिप्टमध्ये २००९च्या मानकापासून ‘रिड्यूस’ आहे. गट पाडणे आणि बेरीज, दोन्ही ते एकाच फेरीत उरकते. तरीही ही कामे वेगळी ठेवावीत, कारण त्यांतल्या चुका वेगळ्या असतात. फॉर्ममधल्या रकमा ‘१००’ आणि ‘५०’ अशा मजकूर म्हणून आल्या, तर शून्यापासून सुरू केलेली बेरीज १५० ऐवजी ‘०१००५०’ होते आणि एररही येत नाही. गट पाडताना घोळ होतो तो कीचा: साध्या ऑब्जेक्टमध्ये आकडा १ आणि मजकूर ‘१’ एकाच गटात जातात, ‘मॅप’ त्यांना वेगळे ठेवतो.

२०२४च्या मानकात ‘ऑब्जेक्ट.ग्रुपबाय’ आणि ‘मॅप.ग्रुपबाय’ आले, त्यामुळे बेरजेआधीच गट तपासून घेता येतात. यात फेऱ्या वाढतात आणि मेमरी जास्त लागते, हा आक्षेप खरा आहे. नोंदी लाखो असतील तर एकच फेरी बरी, आणि डेटाबेसमध्येच ‘ग्रुप बाय’ करून घेणे त्याहून बरे. पण पानावरच्या काहीशे नोंदींसाठी हा खर्च नगण्य आहे. चुकलेली बेरीज मात्र थेट कुणाच्या तरी बिलात उतरते.