कुणीच न पाठवलेला निरोप

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात राहणाऱ्या रॉब टोपोल्स्की या सॉफ्टवेअर अभियंत्याला बार्बरशॉप गाण्यांचा नाद होता. वाद्यांशिवाय, चार आवाजांच्या मेळात गायची ही जुनी पद्धत. त्यातली जुनी ध्वनिमुद्रणं बिटटोरेंट या फायलींच्या देवाणघेवाणीच्या पद्धतीने इतरांना द्यावीत, ही त्याची इच्छा. पण २००७ मध्ये त्याच्या लक्षात आलं की आपल्याकडून गाणी कुणाला पोहोचतच नाहीत. कनेक्शन जुळायचं आणि लगेच तुटायचं.

त्याने तारेतून जाणारं एकेक पॅकेट टिपून वाचायला घेतलं. पॅकेट म्हणजे फाईलचा छोटा तुकडा घेऊन निघालेला लखोटा. त्यावर टीसीपीचा, म्हणजे दोन संगणकांच्या बोलण्याच्या नियमावलीचा, किमान वीस बाइटांचा मजकूर असतो. तुकड्याचा क्रमांक त्यात असतो, आणि एकेका बिटच्या काही खुणाही असतात. त्यातली एक खूण ‘रीसेट’ची. शून्य असेल तर बोलणं चालू. तिथे एक आला, क्रमांकही जुळला, की संगणक कारण न विचारता संवाद तिथेच संपवतो. समोरच्यानेच तसं कळवलंय, यावर त्याचा पूर्ण विश्वास असतो. अख्खं गाणं थांबवायला एक बिट पुरतो!

टोपोल्स्कीच्या कनेक्शनवर असेच रीसेट येत होते. मग अशा व्यवहारांत दोन्ही टोकांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. देणाऱ्याची वही आणि घेणाऱ्याची वही यांचा ताळा जुळेना. ‘तू बंद केलंस’ असा निरोप दोघांनाही मिळाला होता, आणि तो दोघांपैकी एकानेही पाठवला नव्हता. मधल्या वाटेवर इंटरनेट कंपनीचं यंत्र होतं. येणारे-जाणारे लखोटे ते बघत होतं, त्यामुळे पुढचा क्रमांक त्याला ठाऊक असायचा. तो घालून ते दुसऱ्याच्या नावाने निरोप धाडत होतं. कंपनी होती कॉमकास्ट. ऑक्टोबर २००७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने किंग जेम्स बायबलची फाईल पाठवून स्वतः पडताळा घेतला, तेव्हा तिलाही तेच दिसलं.

कंपनीची अडचण मात्र खोटी नव्हती. केबलची तार मुळात घराघरांत टीव्ही पोहोचवायला टाकलेली. तिच्यात घराकडून बाहेर जायला तेव्हा साधारण ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी होती, आणि तीही अख्ख्या आळीत वाटलेली. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये आणलेल्या बिटटोरेंटची तऱ्हा नेमकी उलटी. इथे घेणारा प्रत्येकजण देणाराही होतो. त्यामुळे गर्दी व्हायची ती याच अरुंद बोळात.

ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी कॉमकास्टला ही पद्धत बंद करायला सांगितलं. आयोगाला तसा अधिकार नाही म्हणून २०१० मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पण तोवर कंपनीने ती पद्धत सोडली होती. गर्दीच्या वेळी कोण काय पाठवतोय हे न बघता, कोण किती जागा अडवतोय एवढंच ती पाहू लागली.

मला सर्वांत थक्क करतं ते बिटटोरेंटमध्येच पुढे आलेलं उत्तर. पाठवणारा प्रोग्राम लखोट्यांना लागणारा उशीर मोजत राहतो. उशीर वाढला म्हणजे वाटेत रांग लागली, हे ओळखून तो आपला वेग कमी करतो आणि वाट मोकळी झाली की पुन्हा वाढवतो. इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने ही रीत २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात आपल्यामुळे होणाऱ्या उशिराची मर्यादा आहे सेकंदाचा दहावा भाग.

गर्दी तीच, तारही तीच. एका उपायात तिसऱ्याने दोघांच्या नावाने खोटं सांगितलं. दुसऱ्यात देणाऱ्यानेच उशिराची चाहूल घेतली, आणि शेजारच्या घरातल्या कुणाचा फोन अडखळू नये म्हणून तो आपणहून बाजूला झाला.